करगोट्याची पहिली गाठ

"लोकांच्या लेकरांचे करगोटे काचतात. ह्याचा घसरतोय."

माय हे कुणाला उद्देशून म्हणत नव्हती. नातवाला मांडीवर आडवं घेऊन त्याच्या पोटावरून तेलाचा हात फिरवत ती आपली आपल्याशीच कुरकुरत होती. पण मी तिच्या पाठीशी पाठ लावून तांदूळ निवडत होते, आणि प्रयाग, माझी भावजय, चुलीपुढं, म्हणजे हातभर अंतरावर. मायचं स्वतःशी बोलणं नेहमी हातभर अंतरावर ऐकू जाईल एवढं मोठं असायचं.

करगोटा काळ्या दोऱ्याचा होता, त्यात एक चांदीचा मणी. बारशाला कमरेला बांधताना मायनं दोऱ्याचं लांब शेपूट सोडून ठेवलं होतं, अंग भरेल तशी गाठ सोडून सैल करता यावी म्हणून. लेकरू आठ महिन्यांचं झालं तरी शेपूट होतं तेवढंच होतं आणि गाठ बारशाचीच होती.

"आवळून बांध तरी," माय म्हणाली. आता उद्देशून.

"भरंल की अंग, आत्याबाई," प्रयाग फुंकणी बाजूला ठेवत म्हणाली. "मग पुन्हा सोडावा लागंल."

"भरंल," माय म्हणाली. "कशानं भरंल? तुझ्या बोलण्यानं?"

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. माझी लेक आज माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, आणि कुणी तिच्या उंचीचं कौतुक केलं की मला तो काळा दोरा आठवतो.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून मी सातव्या महिन्यात तिकडं गेले होते. माझं माहेर तेव्हा पनवेलच्या पुढं, एका अर्धवट इमारतीच्या तळमजल्यावर होतं. भागवत, माझा धाकटा भाऊ, गावचं घर बंद करून मायला आणि बायकोला घेऊन बांधकामावर आला होता. माहेराला खांब होते, वर छत होतं, भिंती तेवढ्या नव्हत्या. सिमेंटची रिकामी पोती उसवून, शिवून मायनं तीन बाजूंना पडदे केले होते. चौथ्या बाजूनं मुकादम, कुत्री आणि वारा येत.

मला लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेले होते. त्यामुळं माय मला जमिनीला पाय लावू देत नव्हती. माझ्यासाठी तुपातला शिरा व्हायचा आणि तो मी प्रयागच्या समोर बसून खायचा, असा तिचा आग्रह. प्रयागच्या ताटात भाकरी आणि ठेचा. मी वाटीतला शिरा तिच्याकडं सरकवला की माय म्हणायची, "राहू दे. भोक पडलेल्या घागरीत किती ओतायचं."

भागवतचं काम होतं स्लॅबला पाणी पाजायचं. नवा स्लॅब ओतला की त्याच्यावर वाळू-सिमेंटचे बुटके बांध घालून वाफे करायचे आणि त्यात पाणी उभं ठेवायचं. ते सुकलं तर स्लॅबला तडा जातो. म्हणून सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन वर जायचं, कुठला वाफा ओसरलाय ते बघायचं आणि भरायचा. एक मजला झाला की वरचा मजला. माझ्या भावानं गावी मिरचीचे वाफेसुद्धा एवढ्या मायेनं भिजवले नव्हते. "माझ्या स्लॅबला केसाएवढा तडा दाखवा," म्हणायचा. दिवसभर त्याची पँट पोटरीपर्यंत ओली असायची.

एकदा मायची नजर चुकवून मी लुगडं वाळत घालायला जिन्यानं वर गेले. आभाळ वाफ्यावाफ्यात उतरलं होतं, बघायला छान दिसत होतं. खाली वाकले तर पाण्यात सुतळीच्या तुकड्यांसारखं काहीतरी वळवळत होतं. एकदोन नाही, सगळा वाफा वळवळत होता.

"हे काय रे?"

"पाण्यातलं असतंय काहीतरी."

"डासांची पिल्लं आहेत ही, भागवत."

त्यानं पाइप दुसऱ्या वाफ्यात टाकला. "असतील. पाणी काढून टाकू म्हणतीस? पाणी काढलं की स्लॅब मरतो, अक्का."

संध्याकाळी डास खाली यायचे. पाळी सुटल्यावर कामगार उतरतात तसे, ठरलेल्या वेळेला, सगळे मिळून.

प्रयागच्या मामांना बैठकीला बोलावणं गेलं होतं. प्रयागला बाप नव्हता, मामांनीच लग्न लावून दिलेलं. बोलावणं कशासाठी ते माय सांगत नव्हती, पण सगळ्यांना ठाऊक होतं. प्रयागला लेकरासकट परत पाठवायचं आणि भागवतला मोकळा करायचा. मायनं गावाकडं एक पोरगीही बघून ठेवली होती. ती अंगानं कशी दणकट आहे ते माय मला रोज सांगायची, आणि तेही हातभर अंतरावर ऐकू जाईल असं.

मामा यायच्या दोन दिवस आधी, दुपारी, चहाच्या वेळेला मला थंडी वाजून आली. माय बाजारात गेली होती. आधी खांद्यात कळ आली, मग पाठीतून बर्फाचं पाणी सोडल्यासारखं झालं, मग दात. माझेच दात मला थांबवता येईनात. प्रयागनं लेकरू खाली ठेवलं, घरात होतं नव्हतं ते सगळं माझ्या अंगावर टाकलं, आणि तेवढ्यानं भागेना तेव्हा पोटाला धक्का लागणार नाही अशी मला मागून मिठी मारून पडून राहिली. मग ताप भरला, मग घाम फुटला, आणि उन्हं उतरली तशी मी उठून बसले. अंग हलकं, डोकं स्वच्छ.

"उन्हाचं असंल," मी म्हणाले.

"अक्का," ती माझी ओली पाठ पुसत म्हणाली, "हे एक दिवस सोडून येतं. उद्या काही होणार नाही. तुम्हाला वाटंल, गेलं. परवा ह्याच वेळेला पुन्हा येईल."

"परवा तर तुझे मामा येणार."

"हां. परवाच."

"तुला काय माहीत एवढं?"

ती हसली. प्रयागचं हसू बघायला फार जवळ बसावं लागायचं. "मला पाचवा होता तेव्हा मी ह्यावर घड्याळ लावत होते."

तेव्हा ती बोलली. दवाखान्यात रक्त काढलं, थंडीतापाच्या गोळ्यांची पट्टी दिली. दोन गोळ्या खाल्ल्या. मायनं पट्टी काढून घेतली. पोटुशी बाईला गोळ्या उष्ण पडतात, पोटातलं गळून जाईल, म्हणाली.

"मग?"

"मग येत राहिला. येऊन येऊन दमला आणि थांबला."

"पट्टी?"

"चुलीत टाकली म्हणाल्या."

लेकरू जन्मलं तेव्हा एका ओंजळीत मावत होतं. मग त्याचा कान फुटला. कान सुकला तर खोकला लागला, खोकला उतरला तर जुलाब, आणि जुलाब थांबले तोवर कान पुन्हा वाहायला लागला. बांधकामावरची बाकीची पोरंही आजारी पडायची, वाळूत लोळायची, पुन्हा पडायची, पुन्हा उठायची. हे पडलं की उठायचं विसरून जायचं. शेवटी प्रयाग आणि माय त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न लेकराचा विचारलाच नाही. विचारलं, पोटात असताना थंडीताप आला होता का.

बाई काय शब्द बोलल्या असतील ते मला ठाऊक नाही, प्रयागनं सांगितलं तसं सांगते. त्या तापाचे जंतू पोटुशी बाईच्या वारेत, नाळेच्या मुळाशी, जाऊन बसतात. आईकडून लेकराला जायचं ते मधल्या मधेच अडतं, म्हणून लेकरू अशक्त जन्मतं. आणि वारेतूनच लेकराच्या अंगाला त्या जंतूची अशी काही ओळख होते, की पुढं जन्मल्यावर दुखण्याशी जसं भांडायला पाहिजे तसं ते अंग भांडत नाही. म्हणून एक दुखणं गेलं की दुसरं. दूध चालू ठेवा म्हणाल्या, दुधाइतकं दुसरं औषध नाही.

"आत्याबाई तिथंच होत्या," प्रयाग म्हणाली. "सगळं ऐकलं त्यांनी. घरी आल्यावर म्हणाल्या, तुझ्या दुधाला कस नाही."

त्या दिवसापासून मायनं लेकराला प्रयागच्या अंगावर पाजायचं बंद केलं. वरणाचं पाणी, बिस्किट भिजवलेलं पाणी, पाण्यात पाणी. माय लेकराला मांडीवरून खाली ठेवत नसे, आणि बघणाऱ्याला वाटावं केवढी ही माया. पहाटे माय नळावर गेली की प्रयाग पडद्याआड बसून त्याला चोरून पाजायची. स्वतःच्याच लेकराला.

"मायला समजावून सांगते मी," मी म्हणाले, "डॉक्टरीणबाईंचं."

"त्यांना माहीत नाही असं आहे का, अक्का?" ती म्हणाली, आणि माझ्या घामानं भिजलेली गोधडी उचलून वाळत घालायला गेली.

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. मी शिरा खाल्ला. मला वाटलं, गेलं.

तिसऱ्या दिवशी निवृत्तीमामा आले. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, आणि भिंती नसलेल्या घरात कुठून आत यायचं ते न कळल्यामुळं बाहेरच उभे. प्रयाग पाया पडली. त्यांनी पिशवीतून पिवळ्या कापडाचं टोपडं काढलं. मामींनी शिवलं होतं, आठ महिन्यांच्या लेकराचा अंदाज घेऊन. काठाला गोंडे, मागं झालर. मामांनी हौसेनं लेकराच्या डोक्यावर घातलं आणि ते भुवया, नाक, तोंड झाकत हनुवटीपर्यंत खाली आलं.

"मोठं झालं काय," मामा म्हणाले. मग घाईनं, "चालंल, चालंल. पुढं होईल."

ते टोपडं बसेल एवढं डोकं त्याचं कधी झालं नाही.

बैठक आमच्याच ताडपत्रीवर बसली. प्रयागनं सकाळीच खराट्यानं जागा झाडून, पाणी शिंपडून ठेवली होती. स्वतःच्या निकालाची जागा तिनं अशी झाडली होती, की तशी बायका हळदीकुंकवालासुद्धा झाडत नाहीत. हरिभाऊ मुकादम आमच्याच भागातला, सगळ्यांना कामावर त्यानंच आणलेलं, म्हणून पंच तो. तो रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसला. मामा ताडपत्रीच्या काठावर. भागवत खांबाला टेकून, ओल्या पँटीनं. वरच्या स्लॅबमधून, पाइपासाठी ठेवलेल्या भोकातून, थेंब थेंब पाणी ताडपत्रीवर पडत होतं. तिथं मायनं पातेलं ठेवलं.

"मुद्द्याचं बोला," मुकादम म्हणाला. "मला सळई उतरवून घ्यायचीय."

"मुद्दा काय असणार," माय म्हणाली. तिनं लेकरू उचललं आणि मामांच्या हातात दिलं. "धरा पाव्हणं. वजन लागतंय का हाताला?"

मामांनी धरलं. टोपडं पुन्हा नाकावर आलं. "हलकं हाय," ते म्हणाले, माफी मागितल्यासारखं.

"आमच्या घराण्यात असलं लेकरू झालं नाही. भागवत जन्मला तवा सुईण म्हणाली, हे तर चालतच बाहेर आलंय. विचारा हिला."

मला विचारलं नाही कुणी. भागवत जन्मला तेव्हा मांजराएवढा होता आणि महिनाभर कापसात ठेवला होता, एवढं मला चांगलं आठवत होतं. पण माझं लक्ष खांद्याकडं होतं. खांद्यात कळ आली होती.

"मग तुमचं म्हणणं काय, विहीणबाई?"

"हिच्या दुधाला कस नाही. रक्तात खोट हाय. हे एक असं झालं, पुढची अशीच होतील. माझ्या लेकानं काय असली काडीपैलवान पोसत बसायची?"

"दवाखान्यात दाखवलंत?"

"दाखवलं की," माय म्हणाली.

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार. दूध पाजा म्हणाले. कस नसलेलं."

तेव्हा प्रयाग बोलली. ती खांबामागं उभी होती, पदर कपाळापर्यंत. "मामा, मला पाचव्यात थंडीताप होता."

पातेल्यात थेंब पडला.

"आता तापाचं काय," मुकादम मान खाजवत म्हणाला. "ताप कुणाला आला नाही इथं? सगळ्या मजल्यांवरची माणसं हुडहुडून उठलीत. कोण वाळलं त्यातलं?"

"ते पोटुशी नव्हते," प्रयाग म्हणाली.

"हे बघ पोरी," मुकादमाचा आवाज मऊ झाला, आणि त्याचा आवाज मऊ झाला की भागवत ताठ बसायचा. "मागं ते फवारणीवाले आले होते, पाणी तपासायला. मी चहा पाजून परत पाठवले. कुणी बोंब मारली की इथं थंडीताप हाय, तर ते सगळं पाणी सोडून देतील, काम बंद पाडतील. मग पहिला घरी कोण बसंल? पाणी मारणाराच ना? का रे भागवत?"

भागवत आपल्या ओल्या पोटऱ्यांकडं बघत राहिला.

"गोळ्या दिल्या नव्हत्या का गं तुला?" मामांनी विचारलं.

प्रयागनं मायकडं बघितलं. मायनं कमरेची चंची काढून सुपारी कातरायला घेतली. ही चंची मायची तिजोरी. पान, सुपारी, देवाचा अंगारा, दोनचार नोटा, सगळं त्यात. तिला हात लावायची आम्हा भावंडांची लहानपणापासून हिंमत नव्हती.

"दिल्या होत्या," प्रयाग म्हणाली. "आत्याबाई नको म्हणाल्या."

सासू सांगेल तशी राहा, उलटून बोलू नको, असं सांगून मामांनीच तिला नांदायला पाठवली होती. "वडीलधाऱ्या माणसांना कळतंच काहीतरी," ते टोपड्याचे गोंडे सरळ करत म्हणाले.

झालं. ताप हा शब्द ताडपत्रीच्या मधोमध पडला होता आणि ज्याचा त्यानं आपला पाय त्याच्यापासून अलगद काढून घेतला होता. त्यानंतर दुधावर बोलणं झालं, रक्तावर झालं, प्रयागच्या आजीला म्हणे कधी क्षय होता त्याच्यावर झालं. मायला तो क्षय कुठून सापडला देव जाणे. मामा प्रत्येक गोष्टीला मान हलवत गेले. गरीब माणूस मान हलवायला लागला की बाकीच्यांना जोर चढतो.

मी पदर गळ्याशी गच्च धरला. प्रयाग खांबामागून माझ्याकडं बघत होती. मग तिनं बाहेर उन्हाकडं बघितलं, सावली कुठवर आली ते, आणि पुन्हा माझ्याकडं.

"मग काडी मोडू," मुकादम म्हणाला.

आमच्यात तेव्हा ही रीत होती. नवऱ्यानं पंचांपुढं काडी मोडून तुकडे टाकले की बायको मोकळी आणि तोही मोकळा. कोर्टात ते चालत नाही, पण आमच्यातलं कोर्टात जात होतं कोण. अडचण एवढीच झाली की काडी सापडेना. सळई होती, तार होती, खिळे होते, फळ्या होत्या. सगळ्या बांधकामावर गवताची काडी नव्हती. शेवटी मुकादमानं कोपऱ्यातला खराटा ओढला, सकाळी जागा झाडलेला, आणि त्यातली एक काडी उपसून भागवतच्या हातात दिली.

"वरचं पाणी बघून येऊ का आधी?" भागवत म्हणाला.

"बघशील. मोड."

भागवतनं मोडली. पण खराटा नवा होता, काडी ओली. ती वाकली, मोडली नाही. त्यानं उलटी वाकवली. तुकडे एका तंतूवर लोंबकळत राहिले.

"पीळ दे," मुकादम म्हणाला. "पीळ दिल्याशिवाय तुटायची नाही."

माझ्या भावानं पीळ दिला. एकदा, दोनदा. प्रयाग बघत होती. तंतू तुटला, तुकडे ताडपत्रीवर पडले, आणि मुकादम डब्यावरून उठला.

प्रयागचं गाठोडं बांधून तयारच होतं. तिनं मामांच्या हातातून लेकरू घेतलं, गोधडीत गुंडाळलं, आणि मायच्या पाया पडायला वाकली. मायनं पाय मागं घेतले नाहीत.

"करगोटा काढून ठेव," माय म्हणाली. "त्यातला मणी आमच्या घरचा हाय. सरूच्या लेकराला होईल."

सरू म्हणजे मी. मी काही म्हणणार होते, पण तोंड उघडलं असतं तर दात वाजले असते.

मामा म्हणाले, "राहू द्या की, विहीणबाई. दोरा तर हाय."

"दोरा न्या. मणी ठेवा."

प्रयागनं गोधडी उलगडली. मला वाटलं ती गाठ सोडेल. बारशाची गाठ, तेलापाण्यानं चिकटून घट्ट झालेली, नखांनी उकलायला वेळ लागला असता. तिनं गाठीला हात लावलाच नाही. दोऱ्यात दोन बोटं घातली आणि तो कुल्ल्यांवरून, मांड्यांवरून, पायांवरून सरळ खाली ओढून काढला. कुठं अडकला नाही. लेकरू रडलंसुद्धा नाही. तिनं तो मायच्या हातावर ठेवला, मायनं माझ्या हातावर.

मी मूठ मिटली, पण मूठ राहीना. हात थरथरायला लागला, मग दंड, मग सगळी मी. शेजारचा चहाचा कप कलंडला. दात वाजायला लागले आणि तो आवाज त्या मोकळ्या खांबांमध्ये पातेल्यातल्या थेंबांपेक्षा मोठा झाला.

प्रयाग पडद्यापर्यंत पोचली होती. ती वळली. परत आली, लेकराच्या अंगावरची गोधडी काढली, त्याला नुसतं पदराखाली घेतलं आणि ती गोधडी माझ्या पाठीवर टाकून दोन्ही बाजूंनी दाबली.

"आला," ती म्हणाली. मला एकटीलाच ऐकू जाईल एवढं.

पण माय हातभर अंतरावर होती.

"काय आला?" माय म्हणाली. "काय गं? कवापासून?"

"परवा आला होता," प्रयाग म्हणाली. "एक दिवस सोडून येतोय."

"उन्हाचं असंल," मुकादम जाता जाता म्हणाला. "लिंबूपाणी द्या."

मायनं त्याच्याकडं बघितलं नाही. ती माझ्यापुढं गुडघ्यांवर बसली, माझ्या कपाळाला हात लावला, मग पोटाला. तो हात मी आजवर कधी एवढा घाबरलेला बघितला नव्हता. नऊ वर्षं तिनं माझ्यासाठी कुठल्या कुठल्या देवांचे उंबरे झिजवले होते. तिनं कमरेची चंची ओढली, तिची नाडी दातांनी सोडली आणि सगळी चंची ताडपत्रीवर, त्या काडीच्या तुकड्यांवर उलटी केली. सुपारी पडली, अंगाऱ्याची पुडी पडली, नोटा पडल्या. आणि एक गोळ्यांची पट्टी पडली. चुरगळलेली, पान-तंबाखूच्या वासाची. दोन खळगे रिकामे, बाकीच्या गोळ्या जागच्या जागी.

प्रयागनं ती ओळखली. मामांनीही ओळखली असावी, कारण त्यांनी टोपी काढून हातात घेतली. भागवत खांबापासून पुढं आला आणि कुणी न सांगता त्यानं पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवला.

मायनं गोळी खळग्यातून काढून माझ्या ओठांशी धरली.

"माय," मी म्हणाले, दातांमधून जमेल तसं, "उष्ण पडतात ना."

तिनं प्रयागकडं बघितलं नाही, मुकादमाकडं बघितलं नाही, कुणाकडंच बघितलं नाही.

"उष्ण-बिष्ण काही नसतं. खा मुकाट्यानं. पोटातल्याला खातोय हा ताप, सरू. हिच्याला खाल्लं तसं."